संगीताची झोप

तांडा शाळा, ता. मानोरा, जि. वाशिम
९ जानेवारी २०२५

चि. उदयसिंगला वैजयंतीबाईंचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोघं खुशाल असाल. इकडे तूर कापणीला आली. तुझ्या आईचा, गोमतीबाईंचा, गुडघा दुखतो, पण जीभ शाबूत आहे. फोनच केला असता, पण तुझा फोन सगळी टोळी ऐकते. म्हणून तुमच्याकडे ऊसतोडीला निघालेल्या सेवादासजवळ ही चिठ्ठी देते आहे. वाचायला तुला मीच शिकवलं, तेव्हा सबब सांगू नकोस.

तुझी संगीता बरी आहे. म्हणजे होते आहे. दिवाळीनंतर तुम्ही गेलात तेव्हापासून ती वर्गात दाराकडे तोंड करून बसायची, पाठीवरचं दप्तर उतरवायची नाही. रोज पोट दुखायचं. मला वाटलं, अभ्यास टाळते. गोमतीबाईंनी बाहेरचं काही असेल म्हणून पोहरादेवीच्या दर्शनाला नेऊन आणलं. म्हातारीला धीर आला, पोरीचं पोट दुखतच राहिलं.

मग मी तिला वाशिमला सरकारी दवाखान्यात, मुलांच्या मनाचं बघणाऱ्या डॉक्टरबाईंकडे नेलं. पोरगी पागल झाली का, अशी कुजबुज तांड्यात सुरू झाली. तापाला डॉक्टर लागतो तसा भीतीलाही लागतो, ज्याला शंका असेल त्यानं माझ्याशी बोलावं, असं मी सगळ्यांना सांगितलं. कोणी आलं नाही.

डॉक्टरबाईंनी तिला चित्रं काढायला दिली, घाई केली नाही. तिसऱ्या खेपेला ती बोलली, "मी झोपली का सारे निघून जातेत."

ती रात्रभर जागी राहते रे, आजीचा पदर धरून. लेकरं रडू नयेत म्हणून तांड्यातले सगळेच आईबाप त्यांच्या झोपेतच ट्रकमध्ये बसतात. तुझा बापही तुला तसाच सोडून गेला होता. दुसऱ्या दिवशी तू शाळेचा माठ फोडलास आणि मी तुला उन्हात उभं केलं. तेव्हा मला काही कळलं नाही.

आता जे टाळते आहे ते लिहिते. पोटदुखीसाठी मी वाशिम गाठलं नव्हतं. तिची वाचा गेली होती, आणि ती माझ्यामुळे. एका दुपारी ती वर्गात गाढ झोपली. मला दया आली. पोरांना गप्प राहायला सांगून अख्खा वर्ग मी हळूच मैदानात नेला. ती उठली तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. तिची किंकाळी माझ्या कानातून जात नाही. त्यानंतर अकरा दिवस ती एक शब्द बोलली नाही, आणि तुझा फोन आला तेव्हा मी म्हटलं, पोरगी मजेत आहे. माफ कर.

पण मी हातपाय गाळणारी नाही. आता वर्गाबाहेर जाताना कुठे जाते, कधी येते ते तिला सांगते आणि सांगितल्या वेळेला परत येते. पोट कमी दुखतं. परवा तिनं दप्तर खाली ठेवलं. ती पुरती बरी होणार, याची डॉक्टरबाईंना खात्री आहे, मलाही आहे.

एक काम मात्र माझ्यानं होणार नाही. मुकादमाला सांगून चार दिवस दोघंही या. ऐकत नसेल तर मला फोन लावून दे. परत निघाल ते उन्हं वर आल्यावर. ती रडेल, ट्रकमागे धावेल. धावू दे, तिला धरायला मी आहे. कधी येणार ती तारीख सांगा, आणि खरी सांगा.

बापाला काय लिहू, असं काल तिला विचारलं. म्हणाली, "जाशीन तं जाय म्हना, पन मले उठवून जाय."

तुम्ही येणार हे तिला अजून न सांगितलेली,
तुझी वैजयंतीबाई