मिठागर दिसेल अशी खिडकी

४ मार्च

चि. भोवऱ्यास, अनेक उत्तम आशीर्वाद.

माझा पत्ता बदलायच्या आत हे पत्र तुला पोचू दे. पुढच्या आठवड्यात मी तुझ्या ताईकडे कायमची राहायला जाते आहे. बोटीत मला मळमळतं म्हणून लेकीनं विमानाचं तिकीट काढलंय. विमान आपल्या मिठागरावरून जातं म्हणे. लवकरच तिथे भराव पडेल, गोदामं उठतील. सगळा जन्म त्या वाफ्यांत गेला, पण शेजारच्या बांधापलीकडचं कधी दिसलं नाही. ते नाहीसं होण्याआधी एकदा सगळं एकत्र बघायचंय. शिवाय तुझ्या काकांनी घातलेला बांध वाकडा की सरळ, हे भांडण अजून मिटलेलं नाही. ते गेले म्हणून मी माघार घेतलेली नाही. तू विमानात सामान चढवतोस, तर कुठे बसू ते कळव. बढाया नकोत.

तुझं बरं चिंतणारी,
मावशी

८ मार्च

ती. स्व. मावशीस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचत सामानाच्या गाडीवर बसलो, तर मुकादम म्हणाला, साहेबांना चहा पाठवू का! असो. तू डावीकडे बस. सकाळचं विमान आहे, ऊन उजवीकडून येईल, म्हणजे तुझ्या पाठीशी. समुद्र आणि मिठागर डाव्या हाताला. रांग पंखाच्या पुढची माग. पंखावर बसलीस तर सगळा वेळ पत्रा बघशील. मागे बसलीस तर इंजिनाच्या गरम वाफेत खालचं सगळं थरथरतं. एका रांगेला खिडकीच नसते, नुसती भिंत, तेही विचारून घे. मागच्या महिन्यात मी फुकटात गेलो तेव्हा तीच भिंत माझ्या नशिबी आली. शेजारी एक वाजंत्रीवाला मांडीवर ढोल घेऊन बसलेला, त्याची गंमत भेटल्यावर सांगेन. हां, तर जवळच्या पल्ल्याचं विमान फार उंच जात नाही, वर पोचतं न पोचतं तोच उतरायला लागतं. म्हणून डुलकी काढू नकोस. सुट्टीत मी अनवाणी बांधावरून पळायचो आणि भेगांत मीठ झोंबलं की तुझ्या नावानं भोकाड पसरायचो, ते आठवलं. काका हसायचे, तू पाय धुऊन द्यायचीस. बांध सरळच होता, माझं मत काकांना.

माया आटू देऊ नकोस.
तुझा भोवरा

१५ मार्च

चि. भोवऱ्यास, आशीर्वाद.

सुखरूप पोचले. काउंटरवरच्या मुलीला तुझं पत्रच दाखवलं. तिनं विचारलं, भाचा वैमानिक आहे का. मी हो म्हटलं.

खिडकी तू सांगितलीस तशीच मिळाली. विमान वळलं आणि खाली एकदम पांढरं लखलखीत! मी काय केलं असेल? डोक्याचं फडकं डोळ्यांवर ओढलं आणि मान खाली. उन्हात मिठाच्या राशींकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही, हे तुला मीच कान धरून शिकवलेलं. विमानातही हाताला तीच सवय. शेजारच्या बाईंना वाटलं मी घाबरले, त्यांनी माझा हात धरला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान वर केली, पण फडकं तसंच ठेवलं. मग त्याच्या विणीतून सगळं दिसलं. चौकोनच चौकोन, सगळे सारखे. आपलं कुठलं ते कळेना. विमान पुढे चाललेलं, माझा जीव गोळा झाला. तेवढ्यात सगळ्या सरळ रेघांत एकच बांध दिसला, झोपलेल्या कुत्र्याच्या पाठीसारखा वाकलेला. भांडण जिंकले रे मी! सरळ असता तर सापडलाच नसता. त्या बाईंना बोट दाखवून म्हटलं, तो आमच्या ह्यांचा.

भराव अजून पडलेला नाही. रजा काढ आणि इकडे ये. आपण दोघं एकदा वरून जाऊन येऊ. खिडकी तुला. मी मधे बसेन आणि नुसतं सांगेन, आता बघ.

वाट पाहते. उत्तर लिहू नकोस, ये.
मावशी