आगळ आणि ह्यांचं बी.पी.

सोमवार, ३ मार्च
डॉ.कडे जाऊन आलो. ह्यांचं बी.पी. परत वर. डॉ.नी दोनदा मोजलं. "गोळी चुकत नाही ना?" ह्यांनी इतक्या झटकन मान हलवली की मला संशय आला. घरी येईपर्यंत रिक्षात मोबाइलमध्ये डोकं. तोच व्हिडिओतला पांढरा कोटवाला, गळ्यात नळी, घरगुती उपाय सांगणारा.
गावाला आप्पांनाही (सासरे) हेच दुखणं. गोळीसुद्धा तीच.

गुरुवार, ६ मार्च
गोळ्यांचं पाकीट तपासलं. बरोबर कमी होतायत. म्हणजे घेतायत, नाहीतर टाकतायत. मोगऱ्याच्या कुंडीतली माती उकरून पाहिली. काही नाही. लाज वाटली, पण थोडीच.

शनिवार, ८ मार्च
कोटवाल्याचे व्हिडिओ पाहिले. नावापुढे डॉक्टर, पदवी कुठेच नाही. खाली सरकवत गेले तर हाच माणूस, हाच कोट, केसांचं तेल विकतोय. ह्यांना दाखवलं.
"अगं, डॉक्टरने केसांबद्दल बोलू नये का?"
मी भाजी निवडायला बसले.

मंगळवार, ११ मार्च
सापडलं. गावाहून आलेली आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, बाटली तळाला गेलीय. मी तर कितीतरी दिवसांत सोलकढी केली नाही. विचारलं तर म्हणे रोज अनशापोटी ग्लासभर घेतो, कोकमाने बी.पी. उतरतं, कोटवाल्याने सांगितलंय.
अहो, पण आगळ टिकतो कशावर? मिठावरच ना. माझ्या आमटीतलं मीठ काढलं, पापड बंद, लोणचं बंद, आणि सकाळी उठून हे.
"आगळ घरचा आहे. त्यातलं मीठ वेगळं."
खूप बोलले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. हा माणूस एक दिवस असाच मला समजावता समजावता कोसळेल, ह्याची भीती वाटते.

शुक्रवार, २१ मार्च
डॉ.ना आगळाचं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, बंद करा, गोळी चालू ठेवा. आज बी.पी. जरा खाली. एका आकड्यावर जाऊ नका म्हणाले. मी कशावरच जात नाही हल्ली. उरलेला आगळ सिंकमध्ये ओतला.

रविवार, २३ मार्च
दुपारी गावाहून जाऊबाईंचा फोन. आंबे, पाणी, शेजारचं भांडण. मग,
"आगळ संपलो काय गो? आणखी धाडतंय. हय आप्पा पण रोज घेतत."
आप्पा? कधीपासून?
"भावजींनीच नाय काय व्हिडिओ धाडलेलो ग्रुपवर. लेकान सांगितल्यान म्हणान आप्पांनी गोळी पण सोडल्यानी."
ह्यांना विचारलं. म्हणाले, फक्त फॉरवर्ड केला होता.
आप्पांना फोन लावला. म्हणाले, मुलाने स्वतः पाठवलंय, तो काय खोटं सांगेल? मी सांगून उपयोग नाही. फोन ह्यांच्या हातात दिलाय. पलीकडून आप्पा हॅलो हॅलो करतायत.