पाचशे एक्केचाळीस मार्क

४ जून, सकाळ
जागा झालो तो कानात टक-टक घेऊनच. चौथीत गुरुजी टेबलावर डस्टर आपटून ठेका धरायचे आणि अख्खा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा. तेव्हा थकबाकी असायची ती फक्त न आठवलेल्या ओळीची.
संकल्प: वाचनखुर्चीचे थकलेले हप्ते याच पेन्शनमधून भरायचे. खुर्ची मात्र झकास. दांडी ओढली की पाय वर आणि मन थेट चौथीच्या वर्गात. हप्त्यांच्या फॉर्मवर ‘ओळखीची प्रतिष्ठित व्यक्ती’ म्हणून व्याह्यांचा नंबर ठोकून दिला होता. दुकानदार एकदम अहोजाहोवर आला.

५ जून
पेन्शन आली. नवा चष्मा केला. जुन्यातून कविता धूसर दिसायच्या. हप्ते पुढच्या महिन्यात, नक्की.

८ जून
वसुलीवाल्या मुलीचा फोन. आजोबा, पैसे कधी भरताय? तिला दोन कडवी म्हणून दाखवली. बहुधा गहिवरली. मग म्हणाली, कॉल रेकॉर्ड होतोय. म्हणजे जपून ठेवणार. रसिक पोरगी.

११ जून
नातीच्या शिक्षणकर्जाला जामीन मीच राहणार, असं व्याह्यांसमोर छाती फुगवून सांगून बसलोय. ते स्वतः तयार होते. म्हटलं, तिच्या आईचा बाप अजून जिवंत आहे.
आज बँकेत क्रेडिट स्कोअर काढला. पाचशे एक्केचाळीस. जन्मात गणितात पस्तीसच्या वर गेलो नव्हतो. साहेब म्हणाले, कमी आहे, नऊशेपैकी असतो. म्हणजे साठ टक्के. आमच्या वेळी याला फर्स्ट क्लास म्हणत.
थकबाकी मिटल्याचा दाखला आणा, नाहीतर दुसरा जामीन. वीस तारखेच्या आत, नाहीतर पोरीची सीट गेली. दुसरा जामीन म्हणजे व्याहीच. जीव गेला तरी त्यांना सांगणार नाही.

१४ जून
फोनवर फोन. पडदे ओढले. बेलची वायर काढली. फिरायला जाणं बंद, खाली एक माणूस फाईल घेऊन उभा असतो. दूध बंद. लेकीचाही फोन उचलला नाही, न जाणो. कोरा चहा प्रकृतीला उत्तम. याला कोंडून घेणं म्हणत नाहीत, एकांत म्हणतात.

१६ जून
मोबाईलच बंद करून टाकला. आता लावा म्हणावं कुणालाही.

१८ जून, दुपार
संपूर्ण शांतता. थकले बिचारे. उद्या बँकेत जाऊन साहेबांना नीट समजावायचं. कवितेला हात घातला, तोच दारावर टक-टक. हुबेहूब गुरुजींचा ठेका. दांडी अडकली, पाय खाली येईनात. कसाबसा उतरलो, दार किलकिलं केलं.
दारात व्याही. घामाघूम, हातात बँकेचा लिफाफा.
म्हणाले, तुमचा फोन बंद आहे. माझा मात्र दोन दिवस वाजतोय, तुमचे हप्ते भरा म्हणून. नातीच्या कागदांवर जामीन म्हणून सही करून आलोय. म्हटलं, आता ती खुर्ची तरी बघून जावी.