फ्रिज न्यायला कोणी येईना

आई, नवा फ्रिज नवव्या दिवशी बंद पडला आणि तो परत न्यायला दुकानवाला महिनाभर माणूस पाठवेना. तू असतीस तर "राहू दे" म्हणाली असतीस. पण हे राहू देण्यासारखं नव्हतं. आमचं सानपाड्याचं स्वयंपाकघर तुला माहीत आहे, ओट्याच्या डाव्या हाताला फ्रिजपुरता एक कोपरा. बंद फ्रिज तिथून हलल्याशिवाय दुसरा ठेवायचा कुठे? जुना तर नव्याच्या बदल्यात त्याच दिवशी गेलेला. शिवाय यांचं इन्सुलिन. तू होतीस तेव्हा यांना साखर नव्हती. आता दिवसातून दोनदा सुई घेतात, आणि मे महिन्याच्या उकाड्यात ते औषध बाहेर ठेवून चालत नाही. मग ते समोरच्या वहिनींच्या फ्रिजमध्ये ठेवलं. रोज सकाळ-संध्याकाळ मी त्यांच्या दाराशी. त्या साताऱ्याकडच्या, मोकळ्या स्वभावाच्या. "काकू, बेल काय वाजवताय पावण्यासारखी? दार ढकलायचं नि घ्यायचं की!" मी मात्र बेलच वाजवायची. दुसऱ्याचा फ्रिज उघडायचा म्हणजे दुसऱ्याच्या कपाटात हात घातल्यासारखं वाटतं मला.

मेकॅनिक येऊन लिहून गेला होता, कॉम्प्रेसर गेला आहे, फ्रिज बदलून द्यावा. म्हणजे भांडण नव्हतंच. दुकानाचा मॅनेजर फोनवर किती गोड! "मॅडम, रिप्लेसमेंट मंजूर आहे. तुम्ही पीस आणून द्या, लगेच नवीन घेऊन जा." मी म्हटलं, "तिसरा मजला, लिफ्ट नाही. पाठीवर घेऊन उतरू का?" "ते आमच्याकडे येत नाय मॅडम, पिकअप कंपनी करते." कंपनीला फोन केला, तर ते म्हणाले पिकअप दुकानाचा. पुन्हा दुकान. मग तो "आज गाडी पाठवतो" म्हणू लागला. चार वेळा म्हणाला. चारही दिवस मी घर सोडलं नाही, गॅलरीतून खाली बघत राहिले. एकदा ड्रायव्हर गावाला गेलेला, एकदा टेम्पो पंक्चर. हे म्हणायचे, "अगं, बस जरा, तू उभी राहिलीस म्हणून गाडी लवकर येणार आहे का?" मला बसवत नव्हतं.

तुझा मिक्सर आठवतो. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. नव्या मिक्सरचं भांडं खालून गळत होतं आणि मी तुला ओढत वाशीला दुकानात नेलं. दुकानदार गल्ल्यावरून उठलासुद्धा नाही. "ताई, घरी नेऊन चटणी वाटलीत ना? मग वापरलेला माल झाला." मी वाद घालायला तोंड उघडते, तोच तू माझा दंड धरून मला बाहेर काढतेस. रस्त्यावर येऊन मी तुला म्हणते, "तुझ्यासारख्यांमुळेच यांचं फावतं." घरी आल्यावर, पदर खोचता खोचता, मागे वळून न बघता म्हणालीस, "दुकानाबाहेर उभं राहायला तुला वेळ आहे. मला चारला पाणी भरायचं असतं. पाणी चुकलं तर शेजारणीकडे हंडा मागायला तू जाशील का?" मी गेले नसते, हे तुलाही माहीत होतं. पुढे अकरा वर्षं त्या मिक्सरखाली तू एक ताटली ठेवलीस. ती ताटली बघितली की माझं डोकं तापायचं. मी मनाशी ठरवलं होतं, आपण असं नाही जगायचं.

म्हणून या वेळी फोन बंद केले आणि कागद काढला. बेलापूरच्या ऑफिसात आवक-जावक विभागात एकोणतीस वर्षं काढली मी; पोच न घेता कागद कुणाच्या हाती द्यायचा नसतो, एवढं पक्कं शिकले. पत्र लिहिलं, मेकॅनिकच्या कागदाची प्रत जोडली, स्वतः दुकानात गेले. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, व्हॉट्सअ‍ॅप करा ना, कशाला उन्हाचं?" मी म्हटलं, "सही, तारीख आणि शिक्का." त्याने शिक्का शोधायला दहा मिनिटं लावली. मी काउंटरपाशी उभी राहिले.

चौथ्या दिवशी माणूस आला, पण न्यायला नाही, बघायला. त्याने फ्रिज उघडला आणि हसला. आत रवा, पोहे, उडदाचे पापड, साबुदाणा. आई, मी ते ठेवले होते. उन्हाळ्यात मुंग्या होतात, आणि त्या फ्रिजचं दार मात्र घट्ट लागत होतं. एवढी मोठी वस्तू रिकामी उभी कशी ठेवायची? त्याने चार फोटो काढले. दुसऱ्या दिवशी दुकानाचं उत्तर आलं: वस्तू वापरात असल्यामुळे बदलून देता येणार नाही. पस्तीस-चाळीस वर्षांनी तेच वाक्य, आणि या वेळी निमित्त माझ्याच हाताने दिलेलं. तुझ्यावर चिडून शिकलेलं सगळं बाजूला राहिलं आणि तुझ्याकडून न शिकवता शिकलेलं तेवढं वर आलं.

दिवसभर स्वतःवर धुमसत होते. मग फ्रिज रिकामा केला, पुसला, दारावर चिकटपट्टी लावून तारीख टाकली, फोटो काढले. दुसरं पत्र लिहिलं आणि त्यात काही लपवलं नाही. लिहिलं, होय, मी त्यात रवा आणि पापड ठेवले होते. फ्रिज थंड होत असता तर पापड कपाटात असते आणि फ्रिजमध्ये दूध. सात दिवसांत घेऊन जा, तोवर मी तो सांभाळीन, त्यानंतर त्याचं काही झालं तर जबाबदारी तुमची, आणि मी बेलापूरला ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. शिक्का घेतला. यांनी पत्र वाचलं आणि पोट धरून हसले. "पापडांनी केस जिंकणार तू." सहाव्या दिवशी टेम्पो आला. चार माणसं बंद फ्रिज घेऊन उतरली, नवा घेऊन चढली. मॅनेजरचा फोन: "मॅडम, खूश ना आता?" मी म्हटलं, "नाही. काम झालं, एवढंच."

इथवरचं मी सगळ्यांना सांगते, बिल्डिंगमध्ये तर दोन जणींनी माझ्या पत्राची नक्कल मागून नेली. जे सांगत नाही, ते असं. त्या महिन्यात वहिनी आठ दिवस गावाला गेल्या होत्या. जाताना माझ्या हातात किल्ली ठेवत होत्या, "काकांचं औषध हाय आत, राहू द्या तुमच्याकडं." मी घेतली नाही. म्हटलं, बघते मी काहीतरी. काहीतरी म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या मागे. फडकं तासाभरात वाळायचं. मी कधी भिजवलं, कधी टेम्पोची वाट बघण्यात विसरले. आठवड्याने यांची साखर भलतीच चढली. डॉक्टरांनी विचारलं, "इन्सुलिन थंड जागी असतं ना?" मी "हो" म्हटलं. आणि घरी येताना रिक्षात यांनाच बोलले, आंबे खाल्ले असणार चोरून. हे म्हणाले, "एक फोड खाल्ली होती गं." खरंच एकच खाल्ली असेल. घरी येऊन ती बाटली मी कागदात गुंडाळून टाकून दिली, केमिस्टकडून नवी आणली, आणि वहिनी परत आल्या त्या दिवशी सरळ त्यांच्या फ्रिजमध्ये ठेवली. साखर उतरली. हे म्हणाले, "बघ, सोडला ना मी आंबा."

तू हयात असतीस तर हे मी तुला लिहिलं नसतं. जावयाची बाजू तू नेहमीच घ्यायचीस, लगेच यांना सांगून मोकळी झाली असतीस. काल वहिनींनी या मोसमातले शेवटचे दोन हापूस आणून दिले. मी एक कापला, बशी यांच्यापुढे केली. त्यांनी मान हलवली आणि बशी माझ्याकडे सरकवली. खा म्हणायला हवं होतं, साखर आंब्याने नव्हती चढली हे सांगायला हवं होतं. मी एकटीने खाल्ला, कोयसुद्धा.