नाव वरच्या अंगाला

७ ऑक्टोबर
सुमनचं रक्षाविसर्जन झालं. परतताना सगळे लांबच्या रस्त्यानं आले. ओढ्यावरच्या साकवावरून कोणीच नाही. चूल बंद. शेजारच्या तानाक्कांनी भाकरी-पिठलं आणलं. "मास्तर, पोटावर कशाला राग काढता? खावा दोन घास." खाल्लं.

९ ऑक्टोबर
साकव कमिटीचे आप्पा आले. म्हणाले, "वहिनींचा पाय घसरला." मी म्हणालो, फळी मोडली, ती खाली दगडावर पडली. "घसरल्यावर मोडली असंल." सुतक म्हणून चहा नको म्हणाले. तंबाखू मागून घेतली.

११ ऑक्टोबर
ओढ्यात उतरलो. पाणी मांडीपर्यंत.
साकवाला सरकारनं काही दिलं नव्हतं. घरटी एक फळी, ज्यानं त्यानं आपली सांभाळायची. नावावर पाय पडू नये म्हणून नावं खालच्या अंगाला रंगवली. वर्षाला जळकं ऑईल लावायचं ठरलं, ते लोक वरून लावतात. खालून कोण बघतं?
मान वर करून वाचत गेलो. मोडक्या फळीचा तुकडा बोल्टाला लोंबतोय. कुजून काळा. 'शिवराम' एवढं वाचता येतं.
तानाक्कांचे मालक.
संध्याकाळी आक्कांनी वांग्याची आमटी आणली. सु.च्या हातापेक्षा तिखट. खाल्ली.

१९ ऑक्टोबर
चौकात आक्कांचा रामू भेटला. माझाच विद्यार्थी. फळी का बदलली नाहीस, विचारलं.
"आम्ही गाडीवरनं जातोय मास्तर. साकव लागतोय कुणाला? आन् नाव आबाचं हाय. आबाला इचारा." हसला. आबा वारले त्याला वर्षं झाली.
तुझी आई वैरणीला रोज जाते की, म्हटलं.
"ती अजून पडली न्हाय."

२ नोव्हेंबर
देवळात बैठक. शिवरामांची फळी होती, एवढंच बोललो. आप्पा म्हणाले, "मेलेल्या माणसाचं नाव कशाला घेताय?" म्हटलं, सु.पण मेलीच आहे. मागं कोणीतरी खाकरलं.
ठरलं ते असं: नवी फळी मास्तरांनी द्यावी, वहिनींच्या नावानं. "पुण्य लागंल." टाळ्या.
हो म्हणालो.

२३ नोव्हेंबर
निपाणीहून फळी आणली. रुंद मागून घेतली. रंगवणाऱ्यानं विचारलं, नाव खाली ना? म्हटलं, वर. ठळक.
आप्पा धावत आले. "अहो मास्तर, पाय पडंल!"
"पडू दे."
ठराव त्यांचाच. पुसा म्हणायला कोणाचं तोंड झालं नाही.

१४ डिसेंबर
कोणी पाय ठेवत नाही. गडी ढांग टाकून जातात. मुली हात धरून उड्या मारतात. जिथं भोक होतं तिथंच.
तानाक्का भारा घेऊन पलीकडं उभ्या. गुडघा वाकत नाही. तुडवून या की, म्हटलं.
"सुमीच्या नावावर पाय कसा ठिवू वो?"
वळल्या. रस्त्यानं फिरून अंधार पडल्यावर घरी. तरी भाकरी घेऊन आल्या.

५ जानेवारी
दवानं फळ्या ओल्या. आक्कांनी आज ढांग टाकली. घसरल्या. कठड्याची तार हाताला लागली म्हणून वाचल्या. तळहात फाटलाय.
रामू दारात आला. सु. गेल्यापासून पहिल्यांदा. "फळी उलटी करा मास्तर. आई ऐकत न्हाय, त्याच वाटंनं जाती. पाया पडतो तुमच्या."
म्हटलं, "ती अजून पडली नाही."
 तो गेला.
भाकरी आलीच. फडकं बांधलेल्या हातानं थापलेली, एका बाजूला जाड.  खाल्ली.

६ जानेवारी
दव कालच्यापेक्षा जास्त. बोल्ट सोडवायचा पाना काढून पायरीवर ठेवला आहे. आक्का विळा घेऊन निघाल्या. इथून साकवाचं टोक दिसतं.
मी अजून बसून आहे.