आतलं हलकं तेल

आबा, आज माझी पीएचडीची तोंडी परीक्षा झाली. पास झाले. घरी पेढे आलेत, आई शेजारी वाटायला गेलीय, आणि मी लिंबायतच्या आपल्या त्याच खोलीत बसून तुम्हाला लिहितेय. विषय ऐकून तुम्ही हसला असता. दोन-तीन तेलं मिसळलेल्या इंधनाचा एक थेंब गरम हवेत कसा उडून जातो, त्याचं गणित. एका थेंबापायी माझी सहा वर्षं गेली.

तो रविवार अजून जसाच्या तसा दिसतो. आई भाकरी करून उठलीय. तुम्ही तापलेला तवा सांडशीत धरून ओट्यावर नेताय, आई मागून ओरडतेय. बमरोलीच्या तुमच्या मिलमध्ये बॉयलरला त्या महिन्यात भेसळीचं तेल येत होतं, त्यातलं थोडं तुम्ही बाटलीत आणलं होतं. तव्यावर एक थेंब टाकलात. तो जरा बसला, फुगला आणि फटकन फुटला. ‘पाह्य बेटा,’ तुम्ही म्हणालात, ‘वरलं हलकं तेल उडी जास, जड मांगे राहस. आतलं हलकं तेलले निंघाले वाट नही भेटस, म्हनीन फुटस. बर्नर बी आसंच थुकस. सायेबले इंग्रजीत लिखी दे ना.’ मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणाले, ‘आबा, पुस्तकात असं काही नाही. आणि माझी परीक्षा आहे.’ परीक्षा नव्हती. बॉयलरवाल्या बापाचा अर्ज आपल्या अक्षरात जायला नको, एवढंच मनात होतं. ‘बरं, परीक्षा होऊ दे,’ म्हणत तुम्ही तवा घासायला बसलात.

पाचव्या दिवशी बॉयलर पेटवताना आगीचा लोळ बाहेर आला. तेलामुळे की आणखी कशामुळे, ते कुणी नीट सांगितलं नाही. अर्ज गेला असता तरी कुणी वाचला असता का, हेही मला माहीत नाही. दवाखान्यात तुमचे दोन्ही हात खांद्यापर्यंत पट्ट्यांत होते. मला बघून तुम्ही विचारलंत, ‘पेपर कसा गया?’ मी म्हणाले, ‘चांगला गेला.’ तुमचं समाधान झालेलं चेहऱ्यावर दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

प्रयोगशाळेत बारीक तारेवर थेंब टांगून आम्ही त्याचं चित्रण करायचो. थेंब आतून-बाहेरून सारखाच मिसळलेला आहे असं धरून मी गणित मांडलं होतं. कागदावर तो शांतपणे लहान होत जायचा. कॅमेऱ्यात मात्र फुगायचा आणि फुटायचा. आठ महिने चूक सापडेना. मग एका दुपारी त्या फुटणाऱ्या थेंबाकडे बघताना तुमचं बोलणं कानात आलं, आणि मी तिथंच स्टुलावर बसून रडले. गणितात थेंबाचे आतून बाहेर थर पाडले, प्रत्येक थरातलं हलकं-जड तेल वेगळं मोजलं. गणित जुळलं. प्रबंधाचं तिसरं प्रकरण ते, आबा. तुमचं.

आज बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्याच प्रकरणावर बोट ठेवलं. हे कसं सुचलं, घरात या कामातलं कुणी आहे का, असं विचारलं. मी म्हणाले, नाही सर, वाचनातून सुचलं. आई शेवटच्या रांगेत नवं लुगडं नेसून बसली होती. सगळं इंग्रजीत चाललं होतं, तिला काही कळलं नाही, याचं मला त्या क्षणी बरं वाटलं.