सर्व्हरची तब्येत उत्तम आहे

३ मार्च
आजपासून सर्व्हरच्या तब्येतीवर बारीक नजर. डिस्क, पंखे, तापमान, सगळं रोज सकाळी, चहाच्या आधी. शिवाय काही बिघडलं की सर्व्हर स्वतःच मला मेल पाठवेल अशी सोय केली. याला म्हणतात सिस्टिम! बायकोचा प्रबंध तिच्या रडक्या लॅपटॉपवरून उचलून ऑफिसच्या सर्व्हरवर ठेवला आणि लॅपटॉपवरचा पुसून टाकला. चार वर्षांचं काम आहे, असं ती दोनदा म्हणाली. म्हटलं, आता निर्धास्त झोप.

४ मार्च
चहा आधी झाला. उद्यापासून नक्की.

९ मार्च
एका डिस्कचा पिवळा दिवा लागलाय. घाबरण्याचं कारण नाही. एक गेली तरी बाकीच्या सांभाळून घेतात. नवी मागवायची तर साहेबांना सांगावं लागेल, आणि साहेब विचारणार, लक्ष कोणाचं होतं? योग्य वेळ बघून सांगेन.

१० मार्च
मेल. दर पाच मिनिटांनी तोच मेल. एकदा सांगितलेलं कळत नाही का मला? सगळे मेल परस्पर वेगळ्या फोल्डरमध्ये जातील असं करून टाकलं. फोल्डरचं नाव 'महत्त्वाचे'.

१३ मार्च
एसीवाला आला होता. म्हणे, हा पिवळा दिवा कसला? ज्याने त्याने आपापलं काम बघावं. दिव्यावर चिकटपट्टी लावली. खोली एकदम प्रसन्न दिसायला लागली.

१७ मार्च
सकाळी सांगणार होतो, तर साहेब तापलेले. दुपारी सांगणार होतो, तर साहेब खुशीत. चांगल्या मूडवर विरजण कशाला?

२२ मार्च, रविवार
सहज 'महत्त्वाचे' उघडलं. शुक्रवार संध्याकाळपासून एकही मेल नाही! डिस्क आपोआप बरी झाली. लोक उगाच घाई करतात. यंत्रालाही थोडा वेळ द्यावा लागतो. बायको म्हणाली, मंगळवारी प्रबंध जमा करायचाय, उद्या प्रत काढून आण. म्हटलं, हातचा मळ आहे.

२३ मार्च
सर्व्हर बंद. शुक्रवारी सगळे घरी गेल्यावर दुसरी डिस्क गेली आणि तिच्यामागोमाग सगळंच. मेल थांबले कारण पाठवणारा तोच. आजाऱ्यानेच डॉक्टरला फोन करायचा, आणि मेल्यावरही त्यानेच करायचा, अशी माझी सिस्टिम. बॅकअप होता. त्याच सर्व्हरवर, शेजारच्या फोल्डरमध्ये. दुरुस्तीवाला म्हणाला, यातलं काही परत मिळणार नाही. साहेब ओरडले. ते रोजच ओरडतात. घरी सांगितलं, प्रिंटर बिघडलाय, उद्या आणतो.

२४ मार्च
सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. लॅपटॉप उघडून बराच वेळ बसली, त्यात काही नाही हे माहीत असून. मग विचारलं, तुला आधी काहीच कळलं नव्हतं का? मी म्हणालो, नाही. म्हणाली, मग तुझी तरी काय चूक? आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मी फिरवू दिला.